बटाट्याचं पाणी

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बारके,

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच. घरात कोणी गेलेलं नाही, मला काही झालेलं नाही आणि तुझ्याकडून मला काही नको. एक माहिती तेवढी हवी आहे, तीही माझ्यासाठी नाही. फोन तू उचलत नाहीस. त्याचा रागही नाही, सहा वर्षांत सवय झाली.

शिवणकाम मी सोडलं. सुईच्या नेढ्यात दोरा जाईना, तेव्हा मशीन झाकून ठेवलं. आता पलीकडच्या दवाखान्यात जाते. हसशील, पण माझं काम आहे भाजी भरणं. आमच्या डॉक्टरीणबाई औषधांच्या जोडीला भाजी लिहून देतात. अगदी गोळ्या लिहून द्याव्यात तशी: सकाळी एवढी, संध्याकाळी एवढी. ज्यांचं दुखणं ताटातून आलंय आणि ताटात चांगलंचुंगलं वाढायची ज्यांची ऐपत नाही, त्यांना ही चिठ्ठी मिळते. चिठ्ठी घेऊन लोक मागच्या खोलीत माझ्याकडे येतात. तिथे पूर्वी एक्स-रे काढायचे. भिंतीवर अजून पाटी आहे, ‘श्वास रोखून धरा’. त्या पाटीखाली बसून मी कोबी निवडते.

हिरवी चिठ्ठी साखरवाल्यांची आणि रक्तदाबवाल्यांची. त्यांना सगळं. पिवळी चिठ्ठी मूत्रपिंडं थकलेल्यांची. त्यांना बटाटा नाही, टोमॅटो नाही, केळं नाही, पालक नाही. दिवसभर डायलिसिसच्या खोलीत उभ्या असणाऱ्या तुला हे सांगणं म्हणजे शिंप्याला कात्री दाखवणं. पण इथल्या लोकांचे चेहरे तुला दिसत नाहीत ना. हिरवीवाल्यांची पिशवी फुगलेली असते आणि पिवळीवाले शेजारी उभे राहून बघत असतात, लग्नाच्या पंगतीत पथ्यावर असलेल्या माणसासारखे.

तर विचारायचं ते हे. पिवळी चिठ्ठीवाल्या माणसाने बटाटे खाल्ले, पण उकडून, ते पाणी फेकून देऊन, तर चालतं ना? तू पूर्वी असं करायचीस म्हणून विचारते. किती खाल्ले तर बाधतात? आठवड्याला तीन-चार?

आमच्याकडे एक घड्याळवाले काका येतात, पिवळी चिठ्ठीवाले. जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. दर मंगळवारी बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी दारात. भिंतीवरचं आमचं घड्याळ आठवड्याला चार मिनिटं मागे पडतं. काका आधी स्टुलावर चढून ते नीट करतात, मग पिशवी घेतात. आज ते आले नाहीत. म्हातारं माणूस, झोपून गेलं असेल. मी आपली काळजी करते, माझा स्वभावच तो.

पिशव्या मी यादीप्रमाणेच भरते हो.

ताई

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बारके,

मंगळवारचं पत्र तुला अजून मिळालंही नसेल. पण मला राहवेना.

काल दुपारी काकांच्या घरी गेले. घर म्हणजे इस्त्रीच्या दुकानावरची एक खोली, जिना असा की बकरीही विचार करेल. कुलूप होतं. खालची इस्त्रीवाली म्हणाली, “रविवारी सकाळी जिन्यातच बसले. पायांत जीवच नाही म्हणाले. मोठ्या हॉस्पिटलात नेलंय.” मी विचारलं, “आणि त्यांचा ससा?” ती माझ्याकडे बघतच राहिली. “कसला ससा, बाई?”

सशाचं नंतर सांगते. आधी हे ऐक.

आज सकाळी मोठ्या हॉस्पिटलातून दवाखान्यात फोन आला. काकांच्या रक्तात पोटॅशियम फार वाढलंय, हृदयाचे ठोके अडखळतायत, लागोपाठ डायलिसिस चाललंय. आणि काका शपथेवर सांगतात की पिशवीबाहेरचं मी काही खाल्लेलं नाही.

डॉक्टरीणबाई मागच्या खोलीत आल्या. त्या कधी येत नाहीत, मीच त्यांच्याकडे जाते. म्हणाल्या, “पिवळ्या पिशवीत काय काय जातं, मला एकदा सांगा.”

मी पाढा म्हणावा तसं म्हणाले, “कोबी, फ्लॉवर, काकडी, कांदा, ढोबळी मिरची, दोन सफरचंदं.”

“आणखी काही?”

“आणखी काय असणार, बाई?”

त्या गेल्या. माझ्या हातात काकडी होती, ती मी किती वेळ धरून बसले कोण जाणे. समोर पाटी, श्वास रोखून धरा. मी धरलेलाच होता.

मग त्यांनी औषधं देणाऱ्या मुलीला बोलावलं. पोर लहान आहे, गेल्या वर्षीच लागली. काकांच्या गोळ्या तीच देते. पिशवी बरोबर असेल तर गोळ्या चुकल्या असणार, सरळ हिशेब. सोमवारी वरचे लोक चौकशीला येणार आहेत. दुपारी ती माझ्याकडे पाणी प्यायला आली आणि म्हणाली, “मावशी, मी तीनदा बघते हो. पाकिटावर बघते, चिठ्ठीवर बघते, परत पाकिटावर बघते. मग कसं चुकलं माझं?” मी तिला सफरचंद दिलं. बघ, माझी अक्कल. माणूस रडतंय आणि मी त्याला फळ देते.

एक सांगायचं राहिलं. एकदा मी काकांच्या पिशवीत दोन बटाटे घातले होते. लहान, लिंबाएवढे. एकदाच. एवढ्याने काही होत नाही ना?

उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढं कळव.

ताई

शनिवार, १५ फेब्रुवारी

बारके,

लिंबाएवढे नव्हते आणि एकदाही नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर दोन दिवस भर उन्हाळा पडलाय. सगळं सांगते.

नवीन वर्ष लागल्यावर काका एके दिवशी म्हणाले, “बाई, कोबीची वरची पानं टाकून देता ना? मला द्या. ससा पाळलाय.” मी दिली. पुढच्या मंगळवारी परत. मी गमतीत विचारलं, “नाव काय ठेवलंत सशाचं?” काकांना नावच सुचेना. सत्तरीचा माणूस, उभ्या आयुष्यात एक मिनिट कधी इकडचं तिकडे केलं नसेल, आणि सशाचं नाव विचारल्यावर कानापर्यंत लाल झाला. मग मी त्यांच्याकडे नीट बघितलं. सदऱ्याच्या कॉलरमध्ये आणखी एक मान मावली असती. स्टुलावर चढताना एका हाताने पँट धरून ठेवत होते.

म्हणाले, “तुमची पिशवी छान आहे हो. पण कोबीने पोट भरतं का कुणाचं? दोन तासांत पुन्हा आपलं रिकामं. बटाटा कसा, खाल्ला की बसतो पोटात.”

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात, पण काकांच्या घरात कोंडाही नव्हता. डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं होतं, हे आज कळतं. त्या दिवशी मला वाटलं, त्यांच्याकडे गेले तर त्या यादी दाखवणार. यादी मला पाठ होती. यादीत भूक कुठेच नव्हती.

म्हणून मी तळाशी बटाटे घातले. वर कोबीची पानं पसरली, अगदी सशासाठी ठेवावीत तशी. तीन मंगळवार, दर वेळी सात-आठ, चांगले मुठीएवढे. शेवटच्या मंगळवारी चार केळीही घातली. केळी काळी पडायला लागली होती, टाकवेनात.

पण मी त्यांना बजावलं होतं, बारके! दर वेळी बजावलं. “सालं काढा, बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकडा, ते पाणी टाकून द्या, नवं पाणी घालून पुन्हा उकडा.” हे मी कुठे शिकले ते तुला माहीत आहे. आईचं जेवण तू असंच करायचीस. मला वाटलं, या वेळी मी नीट करेन.

आज दुपारी काकांना भेटायला गेले. हाताला नळ्या, चेहरा उतरलेला, पण मला बघून उठून बसायला गेले. पहिलं काय म्हणावं? “तुमचं घड्याळ मागे पडलं असेल.” मी म्हणाले, “पडू दे.” कॉटजवळ कोणी नव्हतं. मी हळूच विचारलं, “काका, बटाटे सांगितले तसेच केलेत ना? पाणी टाकलंत ना?”

काका हसले. “पाणी कसं टाकू, बाई? सगळं सत्त्व पाण्यातच उतरतं. मिरपूड घालून गरम गरम प्यायचो. दोन वेळचं सूप व्हायचं त्यात. तुमच्या नावाने दुवा द्यायचो.”

जे पोटॅशियम पाण्याबरोबर फेकून द्यायचं, तेच काका सूप म्हणून पीत होते.

म्हटलं, “डॉक्टरांना का नाही सांगितलंत?”

“आणि तुमची नोकरी घालवू? पिशवीतलंच खाल्लं म्हणालो. खोटं आहे का?”

बघ, म्हणजे तो माणूस मला वाचवण्यासाठी तिथे पडून राहिलाय. आणि मी? मी त्यांच्या पायावर पांघरूण घातलं आणि बाहेर आले. दारात त्यांचे डॉक्टर उभे होते. ते म्हणाले, “तुम्ही नातेवाईक का? आता स्थिर आहेत. पण कशाने वाढलं ते कळल्याशिवाय घरी कसं पाठवायचं? पुन्हा झालं तर हृदय साथ देईलच असं नाही.” मी म्हणाले, “मी ओळखीची आहे,” आणि जिना उतरले. सोमवारी चौकशी आहे. ती औषधवाली पोर काल जेवलीही नाही.

पाणी टाका, असं मी काकांना तीनदा सांगितलं. का टाका, ते एकदाही सांगितलं नाही. तो विषय पुढे नेला असता तर... जाऊ दे. ते पुन्हा कधीतरी.

ताई

सोमवार, १७ फेब्रुवारी

बारके,

सांगितलं.

साडेनऊला पोचले. वरचे दोघं आले होते, टेबलावर त्या मुलीची रजिस्टरं रचलेली, आणि ती एका खुर्चीच्या कडेवर बसलेली. पूर्ण खुर्चीवर बसायचाही आपल्याला हक्क नाही, असं अंग चोरून. मी अशीच बसलेली एक मुलगी पूर्वी पाहिली आहे. मी दार न वाजवताच आत गेले आणि म्हणाले, “रजिस्टरं मिटा. बटाटे मी घातले.”

मग जे बोलले ते कसं बोलले आठवत नाही. आकडे मात्र नीट सांगितले: किती बटाटे, किती केळी, कुठला मंगळवार, आणि पाणी प्यायल्याचं. डॉक्टरीणबाई लगेच उठल्या, मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला, ‘बटाट्याचं पाणी’ हे शब्द दोनदा म्हणाल्या. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता बाई मला फाडून खाणार.

त्या म्हणाल्या, “गुरुवारी मी तुम्हाला विचारलं होतं. चार दिवस. चार दिवसांत तो माणूस जाऊ शकला असता.”

“हो.”

“आणि भुकेचं? तो उपाशी आहे हे तुम्हाला महिनाभर माहीत होतं. बटाटा द्यायच्या आधी मला सांगायचं होतं. मी त्यांना तांदूळ लिहून दिला असता. भात चालतो त्यांना. एवढं साधं होतं, ताई.”

एवढं साधं होतं. मी दाराशी उभी राहून रडले, नाक ओढत, लहान मुलासारखी. वरचे दोघं खिडकीबाहेर बघायला लागले.

पिशव्या भरायचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. मला ठेवायचं की काढायचं ते पुढच्या आठवड्यात ठरेल. तोवर बाईंनी एक काम दिलंय. पिवळी चिठ्ठीवाल्या प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारायचं, घरात दोन वेळचं शिजतं का. आज पाच जणांना विचारलं. तिघं आधी ‘हो हो’ म्हणाले आणि मग खाली बघायला लागले. एका बाईने तर मलाच उलट विचारलं, “खरं सांगितलं तर पिशवी बंद नाही ना होणार?” झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून सगळेच झाकून बसलेत, मी एकटीच नाही.

काकांचे ठोके आज नीट पडतायत. पुढचं कोण जाणे. औषधवाली पोर माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

ताई

बुधवार, १९ फेब्रुवारी

बारके,

काल संध्याकाळी फोनवर तुझा निरोप आला. तुझं नाव उमटलं तेव्हा मी भांडी घासत होते, ओल्या हातानेच फोन उचलला. सहा वर्षांत पहिला निरोप. एकच ओळ.

‘आईला ते पाणी तू देत होतीस का?’

मी काकांबद्दल लिहीत होते आणि तू आईला वाचलंस. लहानपणीही तुझ्यापासून खाऊ लपवता यायचा नाही.

हो. देत होते.

आता सगळं लिहिते. थांबले तर पुन्हा धीर होणार नाही. तू सकाळी ड्युटीवर निघताना आईच्या भाज्या चिरून, उकडत ठेवून जायचीस आणि दारातून ओरडायचीस, “ताई, पाणी टाक गं!” मी भाजी निथळायचे आणि पाणी गाळून कपात घ्यायचे, मिरपूड घालायचे. आई इतकी वाळली होती, तुझ्या त्या दोनदा उकडलेल्या चोथ्यात तिला काय मिळणार, असं वाटायचं मला. तू शिकलेली होतीस आणि मी आईला तुझ्याआधीपासून ओळखत होते, असा माझा तोरा. आई कप दोन्ही हातांत धरून प्यायची आणि म्हणायची, “बारकीला सांगू नको.” संध्याकाळी तू यायचीस, वही उघडायचीस, विचारायचीस, “पाणी टाकलंस ना?” मी म्हणायचे, “टाकलं.” तू खूण करायचीस.

हे विष आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. एवढं एक खरं मान. पण आई गेल्यावर चौथ्या दिवशी हॉस्पिटलचे कागद आवरताना पथ्याचा कागद हाती लागला. त्यात लिहिलं होतं, ‘भाज्या उकडल्याचे पाणी फेकून द्यावे, सूप वगैरेसाठी वापरू नये.’ मी तो तीनदा वाचला. आणि त्याच दुपारी मामा सगळ्यांसमोर म्हणाला, “घरात नर्स असून असं व्हावं?” तू खुर्चीच्या कडेवर बसली होतीस, वही मांडीवर, एकेक पान पुन्हा तपासत होतीस. आपलं कुठे चुकलं ते शोधत होतीस. मी चहाचा ट्रे घेऊन तुझ्यासमोर उभी होते. कागद माझ्या ब्लाउजमध्ये होता. मी म्हणाले, “साखर किती घालू?”

त्यानंतर तू गेलीस. लोक म्हणाले, बारकी तापट. मी म्हणाले, हो, तापट आहे.

काकांना ‘का’ सांगितलं नाही ते यासाठी. ‘या पाण्याने माझी आई गेली’ एवढंच म्हणायचं होतं. म्हणाले असते तर त्यांनी थेंब घेतला नसता.

क्षमा मागत नाही, कारण तू ती दिलीस तर मला सुटल्यासारखं वाटेल आणि मला ते इतक्यात नको. पण तुझं तुला परत मिळायला हवं. तुझी निळी वही माझ्याकडेच होती. घर सोडताना तू मागितलीस तेव्हा सापडत नाही म्हणाले, तेही खोटं. ती या पत्रासोबत पाठवते आहे. मामालाही आज वेगळं पत्र टाकलं आहे, यातलं काही न वगळता.

वहीची शेवटची अठरा पानं बघ. तुझं अक्षर, तुझी मापं: गाजर एक वाटी, दोनदा उकडून, फ्लॉवर अर्धी वाटी. खाली रोज ‘पाणी टाकलं’ आणि तुझी खूण. काल रात्रीपर्यंत मला धीर नव्हता, आज सकाळी बसून केलं. अठराही पानांवर तुझ्या खुणेखाली मी माझ्या हाताने एक ओळ लिहिली आहे. एकही पान सोडलं नाही.

‘टाकलं नाही. आईला दिलं. ताई.’

त्याच्या वरचं सगळं बरोबर आहे, बारके. मी प्रत्येक पान तपासलं. तुझं कुठेही चुकलेलं नाही.